हुलग्याचे बी आणि रक्तगटाची पारख

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की शहराला लागूनच माधवनगर येते. येथील किराणा मालाच्या दुकानात कडधान्यांची पोती शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यांत मूग, मटकी, चवळी, घेवडा, शेंगदाणे असतात आणि बहुधा एका कोपऱ्यात हुलगाही असतो. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील हलक्या जमिनीत, जेथे दुसरे पीक उभे राहणे कठीण, तेथे हुलगा तग धरतो. कोकणात यालाच कुळीथ म्हणतात. हुलग्याचे माडगे व शेंगोळे हे गरिबाचे अन्न आणि शिजवलेला हुलगा हा कष्टाच्या दिवसांतला बैलांचा खुराक, अशी त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

याच बियांची आणखी एक ओळख आहे. मात्र ती फारच थोड्यांना ठाऊक असते. रक्तपेढीच्या शीतकपाटात तपासणीच्या द्रवांच्या ज्या लहान कुप्या ठेवलेल्या असतात, त्यांपैकी एका कुपीत हुलग्याच्या बियांपासून काढलेला अर्क असतो. ‘ए’ रक्तगटाच्या दोन पोटगटांतील भेद हा अर्क काही मिनिटांत दाखवून देतो. अर्कातील ज्या प्रथिनामुळे हे घडते, त्याला ‘लेक्टिन’ असे म्हणतात. लेक्टिन म्हणजे काय, त्याचे गुणधर्म कोणते, वैद्यकात त्याचा उपयोग कसा होतो आणि स्वयंपाकघरात त्याबाबत कोणती खबरदारी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. अलीकडे काही मंडळी ‘लेक्टिन हे विष आहे, म्हणून कडधान्ये सोडा’ असा उपदेश करताना आढळतात. ज्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा प्रथिनांचा मुख्य आधार कडधान्ये हाच आहे, तेथे असा गैरसमज पसरणे हितावह नाही. त्या दृष्टीनेही या विषयाची यथार्थ माहिती असणे आवश्यक आहे.

लेक्टिन म्हणजे काय?

सजीवांच्या कोशिकांच्या पृष्ठभागावर विविध शर्करांच्या लहान-मोठ्या साखळ्या असतात. ही शर्करा म्हणजे आपण चहात घालतो ती साखर नव्हे. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज अशी तिची अनेक रूपे असून ती निरनिराळ्या क्रमाने जोडलेली असतात. एखादी विशिष्ट शर्करा ओळखून तिलाच चिकटणारे जे प्रथिन, ते लेक्टिन होय. ते त्या शर्करेचे विघटन करीत नाही किंवा तिच्यात कोणताही रासायनिक बदल घडवून आणीत नाही. ते तिला केवळ ओळखते व धरून ठेवते.

लेक्टिनच्या एका रेणूला शर्करा धरण्याच्या एकाहून अधिक जागा असतात. एका शेतकऱ्याने दोन हातांत दोन बैलांचे कासरे धरावेत, त्याप्रमाणे लेक्टिनचा एक रेणू दोन वेगवेगळ्या तांबड्या कोशिकांना एकाच वेळी धरू शकतो. असे लक्षावधी रेणू कार्य करू लागले म्हणजे सुट्या तरंगणाऱ्या तांबड्या कोशिका एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. या क्रियेस ‘समूहन’ म्हणतात. जखम झाल्यावर रक्त साकळते, ती क्रिया निराळी. तिच्याशी समूहनाची गल्लत करू नये. समूहनात रक्त गोठत नाही, कोशिका एकमेकींना जखडल्या जातात.

लेक्टिने प्राणी, सूक्ष्मजीव व वनस्पती या सर्वांत आढळतात. तथापि शिंबावंत कुलातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, बियांत त्यांचे प्रमाण विशेष असते. वनस्पतीला त्यांचा उपयोग काय, यासंबंधी संशोधकांत एकाहून अधिक मते आहेत. कीटक व बी खाणारे प्राणी यांपासून बियांचे रक्षण करणे हे त्यांचे एक कार्य मानले जाते. मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि यजमान वनस्पती यांच्या परस्पर ओळखीतही त्यांचा वाटा असावा, असे मत मांडण्यात आले आहे.

शोधाचा मागोवा

लेक्टिनच्या अभ्यासाचा आरंभ १८८८ साली झाला असे मानण्यात येते. त्या वर्षी एस्टोनियातील डॉर्पाट, म्हणजे आजचे टार्टू, येथील विद्यापीठात पीटर हर्मन स्टिलमार्क या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एरंडाच्या बियांतील विषारी प्रथिनामुळे रक्तातील तांबड्या कोशिकांचे समूहन होते, असे दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत गुंजेच्या बियांतही असेच प्रथिन आढळले. १९१९ मध्ये अमेरिकेतील जेम्स समनर यांनी आपल्याकडील अबईच्या जवळच्या जातीच्या बियांतून ‘कॉनकॅनॅव्हालिन ए’ हे प्रथिन स्फटिकरूपात मिळविले. ते लेक्टिन असल्याचे पुढे १९३६ मध्ये सिद्ध झाले. किशोरवयात शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात समनर यांचा डावा हात गेला होता आणि ते मुळात डावखुरे होते. तरीही त्यांनी प्रयोगशाळेतील नाजूक काम उजव्या हाताने साध्य केले. त्याच बियांतून युरिएज हे वितंचक, म्हणजे एन्झाइम, स्फटिकरूपात वेगळे करण्याच्या कार्याबद्दल त्यांना १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मानवी रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढले. परंतु बियांतील एखादे प्रथिन माणसामाणसांच्या रक्तातील भेद ओळखू शकेल, ही कल्पना येण्यास बराच काळ जावा लागला. बॉस्टन येथील विल्यम बॉइड यांनी १९४५ च्या सुमारास आपल्या सहायकाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून वाळलेला लायमा घेवडा आणावयास सांगितले. आपल्याकडे बाजारात तो ‘डबल बी’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या अर्काने ‘ए’ गटाच्या कोशिकांचे ठळक समूहन झाले, ‘ओ’ गटाच्या कोशिका मात्र सुट्याच राहिल्या. हेलसिंकी येथील रेन्कोनेन यांनीही स्वतंत्रपणे अनेक बिया तपासून १९४८ मध्ये तसाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९५४ मध्ये बॉइड व एलिझाबेथ शॅपली यांनी या प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले. ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ते घेतले आहे. सुपात धान्य निवडणाऱ्या आपल्या माताभगिनींना या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अनेक दाण्यांतून नेमका दाणा उचलणे हेच लेक्टिनचे काम आहे.

हुलग्याचा गुण भारतात उमगला

हुलगा हे मूळचे आपल्याच देशातील पीक होय. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव पूर्वी डॉलिकॉस बायफ्लोरस असे घेतले जाई. आता त्याचा समावेश मॅक्रोटायलोमा या प्रजातीत करण्यात येतो. रक्तपेढ्यांच्या परिभाषेत मात्र ‘डॉलिकॉस लेक्टिन’ हे जुनेच नाव रूढ आहे.

त्यातील या गुणाचा शोधही भारतातच लागला. भारतीय सेनादलाच्या रक्ताधान सेवेतील डॉक्टर जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी हुलग्याच्या अर्काची मानवी तांबड्या कोशिकांवर परीक्षा केली आणि आपले निष्कर्ष १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढील वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांनी या अर्काचा ‘ए’ गटाच्या पोटगटांशी असलेला संबंध मांडला. त्या काळी पोटगट ओळखण्यासाठी लागणारा मानवी रक्तरस सहज उपलब्ध होत नसे व प्रत्येक वेळी त्याची क्षमता सारखीच असेल याची शाश्वती नसे. कोठेही मिळणाऱ्या, अल्प किमतीच्या आणि पुष्कळ दिवस टिकणाऱ्या एका कडधान्यातून तेच काम होऊ शकते, हे बर्ड यांच्या शोधाचे महत्त्व होय.

‘ए’ गटातील दोन भेद

रक्तगट ठरतो तो तांबड्या कोशिकांवरील शर्करा-साखळीच्या टोकावरून. या साखळीच्या मूळ रूपास ‘एच’ असे म्हणतात व तिच्या टोकाशी फ्युकोज ही शर्करा असते. या ‘एच’ साखळीला आणखी एक शर्करा जोडली गेली की रक्तगट बदलतो. ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन ही शर्करा जोडली गेल्यास ‘ए’ गट होतो, गॅलॅक्टोज जोडले गेल्यास ‘बी’, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्यास ‘एबी’ आणि काहीच न जोडले गेल्यास ‘ओ’. ही माहिती मिळविण्याच्या कामीही लेक्टिनांचे साहाय्य झाले. १९५० नंतरच्या दशकात लंडनमधील वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी लेक्टिनच्या द्रवात एकेक शर्करा मिसळून पाहिली. जी शर्करा मिसळली असता समूहन थांबते, तीच त्या रक्तगटाची खूण असली पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले.

‘ए’ गटाचे ‘ए-१’ व ‘ए-२’ असे दोन मुख्य पोटगट आहेत. हा भेद १९११ पासून ज्ञात आहे. ‘ए-१’ व्यक्तीच्या एका तांबड्या कोशिकेवर ‘ए’ खुणेच्या सुमारे आठ ते बारा लाख जागा असतात. ‘ए-२’ व्यक्तीच्या कोशिकेवर त्या अडीच ते तीन लाखांच्या आसपास असतात. याखेरीज साखळ्यांच्या रचनेतही काही फरक आहे. हुलग्याच्या लेक्टिनला ॲसिटिल गॅलॅक्टोसामिनची ओळख असते. अर्क योग्य प्रमाणात विरल केला असता दाट खुणा असलेल्या ‘ए-१’ कोशिकांचे समूहन होते व विरळ खुणा असलेल्या ‘ए-२’ कोशिका सुट्या राहतात. अर्क तीव्र असेल तर मात्र ‘ए-२’ कोशिकाही एकत्र येतात व परीक्षा फसते. म्हणजेच पारख बियांत असली, तरी ती नेमकी वापरण्याचे कौशल्य तंत्रज्ञाकडे असावे लागते.

अर्क तयार करण्याची रीत

अर्क तयार करण्याची मूळ रीत साधी आहे. हुलग्याचे स्वच्छ, कोरडे बी रवाळ दळतात. त्यात त्याच्या तिप्पट-चौपट मिठाचे पाणी घालतात. हे पाणी शेकडा ०.९ तीव्रतेचे, म्हणजे रक्ताशी मिळतेजुळते असते. मिश्रण काही तास साध्या तापमानात ठेवून अपकेंद्री यंत्रात फिरवितात व वरचा निवळ द्रव गाळून घेतात. नंतर ज्यांचा गट निश्चित माहीत आहे अशा ‘ए-१’, ‘ए-२’, ‘बी’ व ‘ओ’ कोशिकांबरोबर त्याची परीक्षा घेऊन, फक्त ‘ए-१’ कोशिकांचेच समूहन होईल इतके मिठाचे पाणी त्यात मिसळतात.

आता बहुतेक रक्तपेढ्या प्रमाणित तयार द्रवच वापरतात आणि तेच योग्य होय. रक्ताच्या तपासणीत घरगुती प्रयोगांना स्थान नाही. नेहमीच्या ‘ए’ व ‘बी’ गटांच्या तपासणीसाठी आज एकजिनसी प्रतिपिंडांचे, म्हणजे मोनोक्लोनल द्रवांचे, साहाय्य घेतले जाते. ‘ए-१’च्या ओळखीसाठी मात्र हुलग्याचे लेक्टिन अद्यापही उपयोगात आहे. एका कुपीसाठी लागणारे बी अगदीच थोडे असते. त्यामुळे या उपयोगाने हुलग्याचा बाजारभाव वाढेल अशी अपेक्षा शेतकरी बांधवांनी ठेवू नये. त्याचे मोल निराळ्या प्रकारचे आहे.

हा भेद जाणून काय लाभ?

बहुतेक वेळा ‘ए-१’ व ‘ए-२’ या भेदाने रुग्णाला काही फरक पडत नाही. ‘ए’ गटाच्या रुग्णास ‘ए’ गटाचे रक्त चालते. अडचण येते ती थोड्या व्यक्तींच्या बाबतीत. ‘ए-२’ गटाच्या काही व्यक्तींच्या आणि ‘ए-२-बी’ गटाच्या त्याहून अधिक व्यक्तींच्या रक्तरसात ‘ए-१’ कोशिकांविरुद्ध प्रतिपिंड असतात. अशा व्यक्तीची तपासणी करताना कोशिकांवरून एक गट निघतो व रक्तरसावरून दुसराच. दोन्ही निष्कर्ष जुळत नाहीत.

एखाद्या प्रसूत झालेल्या भगिनीला रात्री तातडीने रक्ताची गरज आहे आणि तंत्रज्ञासमोर असा न जुळणारा निष्कर्ष आहे, अशी कल्पना करावी. त्या वेळी हुलग्याच्या लेक्टिनचा एक थेंब कोड्याची उकल करतो. रुग्णाच्या कोशिकांचे समूहन झाले नाही, तर ती ‘ए-२’ वर्गातील आहे व विसंगतीचे कारण तेच असावे, असे अनुमान करता येते. हे प्रतिपिंड बहुधा थंड तापमानातच कार्य करतात व निरुपद्रवी असतात. परंतु शरीराच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानातही ते कार्य करीत असल्याचे आढळले, तर रुग्णास ‘ए-१’ कोशिका नसलेले जुळणारे रक्तच द्यावे लागते. अन्यथा दिलेल्या कोशिकांचा नाश होण्याचा धोका संभवतो.

मूत्रपिंड रोपणातही या परीक्षेचा उपयोग होतो. ‘ए-२’ दात्याच्या अवयवावर ‘ए’ खुणा कमी असल्याने, रुग्णाच्या रक्तातील विरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण अल्प असल्यास, असे मूत्रपिंड ‘ओ’ किंवा ‘बी’ गटाच्या निवडक रुग्णांना देता येते. नवजात बालकांच्या कोशिकांवर मात्र या खुणा पूर्णपणे तयार झालेल्या नसतात. म्हणून त्यांच्या बाबतीत या परीक्षेवर विसंबता येत नाही.

मुंबई रक्तगट

लेक्टिनचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे. १९५२ मध्ये मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका अपरिचित रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच पुढे ‘बाँबे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. या व्यक्तींच्या कोशिकांवर ‘ए’ व ‘बी’ तर नसतेच, पण ज्यावर ते उभे राहते ती ‘एच’ साखळीही नसते. नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ असल्याचे भासते. परंतु त्यांना ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते प्राणावर बेतू शकते, कारण त्यांच्या रक्तरसात ‘एच’विरुद्धही प्रतिपिंड असतात. त्यांना केवळ त्याच गटाच्या दात्याचे रक्त चालते. भारतात सुमारे दहा हजार व्यक्तींमागे एक असे याचे प्रमाण सांगितले जाते.

‘ओ’ व ‘बाँबे’ यांतील भेद निश्चित करण्यास युलेक्स या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांतील लेक्टिन उपयोगी पडते. हे झुडूपही शेंगा धरणाऱ्याच कुलातील आहे. त्याचे लेक्टिन ‘एच’ साखळी ओळखते. ‘ओ’ गटाच्या कोशिकांचे त्याने ठळक समूहन होते. ‘बाँबे’ गटाच्या कोशिका तशाच सुट्या राहतात. दोन परीक्षानळ्यांतील हा साधा फरक एखाद्याचा जीव वाचवू शकतो.

आपल्या शिवारातील इतर लेक्टिने

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या शिवारात होणाऱ्या इतर कडधान्यांतील व तेलबियांतील लेक्टिनेही विज्ञानाच्या उपयोगी पडली आहेत. कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. हा घेवडा आणि उत्तरेतील राजमा एकाच जातीचे. या जातीच्या बियांतील लेक्टिन विश्रांत अवस्थेतील पांढऱ्या कोशिकांना विभाजनास प्रवृत्त करते, असे अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखविले. त्यामुळे थोड्याशा रक्तावरून गुणसूत्रांची तपासणी करणे सुलभ झाले. जन्मजात विकृतींच्या निदानासाठी आज जी गुणसूत्र परीक्षा केली जाते, तिच्या मुळाशी घेवड्याचे हे प्रथिन आहे.

शेंगदाण्यातील लेक्टिन तांबड्या कोशिकांवरील ‘टी’ ही एरवी झाकलेली खूण ओळखते. काही जीवाणूंच्या संसर्गात कोशिकांवरील आवरण-शर्करा निघून जाते व ही खूण उघडी पडते. ते ओळखण्यास शेंगदाण्याचा अर्क उपयोगी पडतो, हेही डॉ. बर्ड यांनीच १९६४ मध्ये दाखवून दिले. सोयाबीनच्या लेक्टिनचे साहाय्य घेऊन दात्याच्या अस्थिमज्जेतील अपायकारक ठरू शकणाऱ्या कोशिका वेगळ्या काढता येतात. गंभीर प्रतिकारहीनता घेऊन जन्मलेल्या बालकांवर पूर्णतः न जुळणाऱ्या मज्जेचे रोपण करण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात ही पद्धती वापरण्यात आली.

स्वयंपाकघरातील खबरदारी

प्रयोगशाळेत उपयोगी पडणारे हेच प्रथिन कच्च्या स्वरूपात पोटात गेले, तर काही वेळा त्रास होतो. लेक्टिन आतड्याच्या आतील आवरणावरील शर्करांना चिकटते व पचनात व्यत्यय आणते. घेवडा व राजमा यांबाबत विशेष काळजी घ्यावयास हवी. चार-पाच कच्चे दाणे खाल्ल्यानेही एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या व जुलाब सुरू होऊ शकतात. प्रकृती बहुधा काही तासांत सुधारते. परंतु लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट हलक्याने घेऊ नये.

यावर उपाय सोपा आहे. ओलसर उष्णतेने लेक्टिन निष्प्रभ होते. मात्र अर्धवट उष्णता धोक्याची असते. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या खाली मंद आचेवर ठेवलेला राजमा कच्च्याहूनही अधिक अपायकारक ठरू शकतो, असे आढळले आहे. म्हणून पुढील क्रम पाळावा. घेवडा वा राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर, भिजवावा. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. ताज्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळ उकळावा किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. ज्या साधनात पाण्याला खळखळून उकळी येत नाही, त्यात तो कच्च्यापासून शिजवू नये.

हुलगा व सोयाबीन यांतही लेक्टिन व पचनास अडथळा करणारी इतर द्रव्ये असतात. तीही शिजविल्याने निष्प्रभ होतात. बैलाला हुलगा शिजवून घालण्याची आपल्या वाडवडिलांची पद्धत या दृष्टीने सयुक्तिकच होती. कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीन वापरावयाचे असल्यास त्यावर उष्णतेची प्रक्रिया झालेली असली पाहिजे.

येथे एक प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहे. हुलग्याने ‘ए’ गटाच्या रक्ताचे समूहन होत असेल, तर ‘ए’ गटाच्या माणसाने हुलगा खावा की नाही? अवश्य खावा. शिजविलेल्या हुलग्यातील लेक्टिन आपले कार्य गमावून बसलेले असते. परीक्षानळीत जे घडते ते जेवणाऱ्याच्या रक्तात घडत नाही. रक्तगट पाहून आहार ठरवावा, या मताला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. नीट शिजविलेले कडधान्य हे सर्व रक्तगटांच्या माणसांसाठी उत्तम व स्वस्त अन्न होय.

गुंज : एक इशारा

गुंजेची गोष्ट मात्र वेगळी आहे. लाल रंगाची, काळ्या ठिपक्याची ही सुबक बी सोनाराच्या तराजूत वजन म्हणून पूर्वापार वापरली गेली. तिच्यातील ‘ॲब्रिन’ या प्रथिनाचे दोन भाग असतात. एक भाग लेक्टिनप्रमाणे कोशिकेला चिकटतो व दुसऱ्याला आत शिरण्यास वाट करून देतो. हा दुसरा भाग कोशिकेतील प्रथिनांची निर्मितीच बंद पाडतो. अखंड बी कठीण कवचामुळे बहुधा न पचता बाहेर पडते. परंतु ती चावली गेल्यास अगदी अल्प मात्रेतही मृत्यू ओढवू शकतो. यावर उतारा म्हणून कोणतेही विशिष्ट औषध नाही. मुलाने गुंज वा एरंडाची बी चावल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे व शिल्लक बी बरोबर न्यावी. शाळेच्या निसर्ग-संग्रहात गुंज ठेवावयाची असल्यास ती बंद काचेच्या बाटलीत, नावाची चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. लहान मुलांच्या गळ्यात गुंजांच्या माळा घालू नयेत.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षकांना हा विषय अनेक अंगांनी शिकविता येईल. प्रथिने, शर्करा, रक्तगट व पिके हे पाठ्यपुस्तकातील चार वेगवेगळे धडे हुलग्याच्या एका दाण्याने जोडता येतात. वर्गात रक्त काढून प्रयोग करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्याऐवजी मुलांना जवळच्या रक्तपेढीत नेऊन समूहन प्रत्यक्ष दाखविण्याची विनंती तेथील तंत्रज्ञांना करावी. माधवनगर परिसरातील शाळांना हे कठीण नाही. मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र अगदी जवळ आहे, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू केले आणि १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

शालेय पोषण आहारात कडधान्य शिजविणाऱ्या भगिनींना भिजविण्याचा व उकळण्याचा क्रम समजावून सांगणे, तो स्वयंपाकगृहाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवणे आणि घेवडा वा राजमा असेल त्या दिवशी दाणा मऊ शिजला आहे याची वाटपापूर्वी खात्री करून घेणे, ही कामे ग्रामपंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांना विनाखर्च करता येतील. तसेच गावात रक्तदान शिबिर भरेल तेव्हा प्रत्येक दात्याने आपल्या गटाची नोंद जपून ठेवावी. तपासणीत एखाद्याचा गट दुर्मीळ असल्याचे आढळल्यास त्याने रक्तपेढीच्या दुर्मीळ दात्यांच्या यादीत आपले नाव नोंदवावे. त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण असे गट आनुवंशिक असतात व भावंडांत आढळण्याचा संभव अधिक असतो.

दुष्काळी माळावर तग धरणारे हुलग्याचे पीक अनेक ठिकाणी मागे पडले आहे. पाणी आले की त्याची जागा ऊस वा द्राक्षे घेतात, हे स्वाभाविकच आहे. तरीही जेथे पाणी पोहोचलेले नाही तेथे हे पीक टिकविणे, त्याचे गावरान वाण जपणे आणि त्याचे माडगे व शेंगोळे मुलांच्या ताटात राहतील असे पाहणे हे आपल्या हाती आहे. सुपात हुलगा निवडताना त्या दाण्याने कोणा अनोळखी रुग्णाच्या रक्ताचीही पारख केली आहे, एवढे नव्या पिढीला सांगितले तरी या उपेक्षित धान्याकडे पाहण्याची तिची दृष्टी बदलेल.